शॉवरच्या पाण्यात क्लोरीन: खाज, वास आणि डोळ्यांची जळजळ परत परत होत असेल तर काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. आंघोळ करून बाहेर आलं की अंग ओढल्यासारखं होतं, नडग्यांवर आणि पाठीवर खाज सुटते, केस खरखरीत लागतात आणि बाथरूमचं दार उघडलं की तरणतलावाजवळ येतो तसा वास नाकात शिरतो. मलम लावलं की चार दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच. कुणीतरी सांगतं की पाण्यात क्लोरीन आहे, म्हणून शॉवरला फिल्टर बसतो. काही दिवस फरक वाटतो आणि खाज परत येते. दुसरा फिल्टर आणला जातो, साबण बदलला जातो, मूळ कारण मात्र जागच्या जागी राहतं. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. नेमून दिलेल्या प्रमाणात असलेलं क्लोरीन या त्रासाचं मुख्य कारण क्वचितच असतं. पण प्रमाण सुटलं, पाणी बंद खोलीत कडकडीत तापवून फवारलं किंवा क्लोरीनची दुसऱ्या पदार्थांशी गाठ पडून नवी रसायनं तयार झाली, तर काळजी रास्त आहे. पहिली परिस्थिती आणि दुसरी परिस्थिती यांत फरक करता येतो, तोही घरच्या घरी. फिल्टर विकत घेण्याआधी तेवढं करा, ही कळकळीची विनंती.

किती क्लोरीन म्हणजे जास्त

पाण्यात क्लोरीन घालतात ते कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मारण्यासाठी. बेल्जियममधल्या मिडलकेर्कं इथे १९०२ पासून आणि अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ पासून नळाच्या पाण्यात ते नियमित घालायला सुरुवात झाली, आणि पाण्यातून पसरणारे साथीचे रोग जिथे जिथे मागे हटले तिथे या एका उपायाचा वाटा फार मोठा आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी घरापर्यंत येताना वाटेत गळक्या जोडांतून, जुन्या नळांतून पुन्हा दूषित होऊ शकतं. म्हणून थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे घरच्या नळाला येईपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे कशाशीही न जोडलेलं आणि जंतू मारायला मोकळं क्लोरीन, उरलेलं असावं. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी आरोग्याच्या दृष्टीने सांगितलेली वरची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत ती ४ आहे. किटवर किंवा पट्टीवर पीपीएम लिहिलेलं असेल तर तो आकडा आणि लिटरमागचे मिलिग्रॅम एकच समजा.

वासाबद्दल मोठा गैरसमज आहे. काही माणसांच्या जिभेला आणि नाकाला अगदी ०.३ मिलिग्रॅमलाही क्लोरीन कळतं. त्यामुळे वास आला म्हणजे प्रमाण धोक्याच्या वर गेलं, असं धरून चालता येत नाही. उलटंही खरं आहे, ते पुढे येईल.

त्वचेसाठी आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. ॲटॉपिक एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या त्वचेचा जुनाट विकार) असलेल्या काही रुग्णांना त्वचाविकारतज्ज्ञ ब्लीच बाथ सांगतात. टबातल्या पाण्यात सुमारे ०.००५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं मुख्य रसायन) राहील एवढं मोजून ब्लीच घालायचं आणि पाच-दहा मिनिटं त्यात बसायचं. हे प्रमाण लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे नळाच्या पाण्यात सहसा असतं त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग कुणीही करू नये. पण एवढ्या प्रमाणाचा उपयोग आजारी त्वचेवर उपचार म्हणून होऊ शकत असेल, तर अर्धा मिलिग्रॅम क्लोरीनने निरोगी त्वचा खराब झाली हे मानायला मी लगेच तयार होत नाही. मी आधी दुसरी कारणं शोधतो.

खाज कधी येते, कुणाला येते

परत परत येणाऱ्या त्रासात सगळ्यात उपयोगी माहिती वेळेची असते. एका कागदावर रोज तीन गोष्टी लिहा: खाज किती, वास किती, त्या दिवशी पाण्याचं किंवा टाकीचं काय झालं. दोन आठवड्यांची नोंद झाली की बहुतेक वेळा कारण स्वतःच पुढे येतं.

खाज फक्त थंड, कोरड्या हवेच्या महिन्यांत येत असेल तर पहिला संशय गरम पाण्यावर आणि साबणावर घ्यायचा. पाणी जितकं कढत आणि आंघोळ जितकी लांब, तितकं त्वचेवरचं तेल धुऊन निघतं. क्लोरीन त्यात थोडी भर घालतं, पण मुख्य काम उष्णता आणि फेस करतात.

घरात एकाच माणसाला त्रास असेल आणि त्याच पाण्याने आंघोळ करणारे बाकीचे ठीक असतील, तर पाण्यापेक्षा त्या माणसाच्या त्वचेकडे पाहा. एक्झिमा, सोरायसिस, एखाद्या शाम्पूची किंवा सुगंधाची ॲलर्जी, थायरॉइडचा विकार, वयामुळे आलेला कोरडेपणा, काहीही असू शकतं.

घरात सगळ्यांनाच खाज येत असेल तर पाण्यावर आळ येणं साहजिक आहे. पण ती खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतल्याशिवाय फिरून फिरून येते. पाण्याला दोष देत घरंच्या घरं महिनोन्‌महिने खाजवत बसतात ते याच आजारात. असं काही दिसलं तर पाण्याची तपासणी मागे ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

डोळे चुरचुरणं, नाक गळणं, घसा खवखवणं, खोकला किंवा दम लागणं, आणि हे सगळं बाथरूममध्ये असतानाच होऊन बाहेर आल्यावर कमी होणं, हे चिन्ह मात्र वेगळं आहे. तिथे हवेत काहीतरी आहे. असा त्रास मी खाजेपेक्षा जास्त गांभीर्याने घेतो, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण असेल तर.

वास पाण्याचा की बाथरूमचा

काचेचे दोन स्वच्छ पेले घ्या. एकात थंड नळाचं आणि दुसऱ्यात गरम नळाचं पाणी भरा, झाका आणि बाथरूमपासून लांब नेऊन हुंगा.

पेल्यांना वास नाही, पण बाथरूमला आहे? मग तो फरशी-संडास धुण्याच्या ब्लीचचा किंवा मोरीच्या जाळीतून येणारा वास असण्याची शक्यता जास्त. ब्लीच टाकून नीट न धुता तशीच सोडलेली फरशी, आणि त्यावर पडलेलं गरम पाणी, एवढं डोळे चुरचुरायला पुरेसं आहे. इथे एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून थांबून सांगतो. ब्लीच आणि ॲसिड असलेलं संडास साफ करण्याचं द्रव्य कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं की क्लोरामाइनचे वायू सुटतात. लहान बाथरूममध्ये दोन्ही फुप्फुसांना इजा करतात, आणि त्रास काही तासांनी वाढू शकतो. असं झालं तर साफसफाई अर्धवट टाकून मोकळ्या हवेत या, दार उघडं ठेवा आणि खोकला किंवा दम थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

फक्त गरम पाण्याला वास आहे आणि तो सडक्या अंड्यासारखा आहे? मग क्लोरीनचा संबंध नाही. गीझरच्या टाकीत गंधकाची संयुगं वापरणारे जीवाणू वाढले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड त्याला मदत करतो. गीझर रिकामा करून धुणं, पाणी ६० अंशांपर्यंत तापवणं आणि तरी न गेल्यास रॉड बदलणं, हा त्याचा मार्ग.

औषधासारखा, दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास असेल तर शॉवरची लवचिक नळी आणि रबरी वॉशर तपासा. काही रबर-प्लॅस्टिकमधून फिनॉल पाझरतं आणि क्लोरीनशी मिळून क्लोरोफिनॉल बनतं. ते इतक्या कमी प्रमाणातही जाणवतं की पाण्यात क्लोरीन नेमकं असूनही वास उग्र येतो. नळी काढून थेट नळाचं पाणी हुंगलं की लगेच उलगडा होतो.

आणि तरणतलावासारखा वास? तो मुख्यतः क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, सांडपाणी यांतल्या नायट्रोजनच्या संयुगांशी क्लोरीन जोडलं गेलं की ते बनतं, आणि त्यातले काही प्रकार डोळ्यांना आणि श्वासनलिकेला चांगलेच झोंबतात. बंदिस्त तरणतलावांवर काम करणाऱ्यांमध्ये ट्रायक्लोरामाइनमुळे दम्याचा त्रास दिसून आला आहे. घरच्या पाण्याला अचानक असा वास यायला लागला तर एक शक्यता अशी की पाण्यात घाण मिसळली आहे आणि क्लोरीन तिच्यावर खर्च होतंय. म्हणजे वास वाढलाय, पण जंतू मारायला मोकळं क्लोरीन मात्र कमी पडतंय. अशा वेळी पाण्याचा रंग, गढूळपणा, शेजाऱ्यांकडची परिस्थिती लगेच विचारा आणि पिण्याचं पाणी उकळून घ्या.

काही ठिकाणी पुरवठा करणारी यंत्रणा जाणूनबुजून मोनोक्लोरामाइन वापरते, कारण ते लांब नळांत जास्त वेळ टिकतं. त्या पाण्याला उग्र वास असेलच असं नाही, पण बादली भरून रात्रभर ठेवली तरी ते फारसं उडून जात नाही. साधं क्लोरीन उघड्या भांड्यात तासागणिक कमी होतं, उन्हात तर फार लवकर.

आता मोजा

अंदाज पुरे. क्लोरीन मोजायला दोन प्रकारची किट सहज मिळतात. पिवळा रंग देणारं ऑर्थोटोलिडीनचं जुनं किट आणि गुलाबी रंग देणारं डीपीडीचं. मी डीपीडीच घ्या म्हणेन. जुन्या किटमध्ये मुक्त आणि जोडलेलं क्लोरीन वेगळं कळत नाही, आणि त्यातलं रसायन विषारी आहे. टीडीएस मीटर या कामाला चालत नाही. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, क्लोरीनचा नाही. टीडीएस जास्त दाखवून शॉवर फिल्टर गळ्यात मारणारे भेटतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई केली की आकडा फसवतो. थंड पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडून ठेवा. किटची छोटी बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, पहिल्या क्रमांकाची गोळी हात न लावता वेष्टनातून थेट बाटलीत सोडा आणि विरघळवा. पाणी फिकट गुलाबीपासून गडद किरमिजीपर्यंत कुठल्या तरी छटेला येईल. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून मिनिटाभरात रंगाची तुलना करा, कारण नंतर रंग चढत जातो. पिवळ्या दिव्याखाली वाचू नका. हे झालं मुक्त क्लोरीन. त्याच बाटलीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकून दोन मिनिटांनी पुन्हा वाचलं की एकूण क्लोरीन मिळतं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे जोडलेलं क्लोरीन, अर्थात क्लोरामाइन.

एक चकवा माहीत असावा. गोळी पडताच क्षणभर गुलाबी झलक येऊन पाणी पुन्हा बिनरंगी झालं, तर क्लोरीन नाही असं समजू नका. प्रमाण फार जास्त असलं की क्लोरीन त्या रंगालाच विरंजित करून टाकतं. नमुन्याचा एक भाग डिस्टिल्ड पाण्याच्या नऊ भागांत मिसळा, पुन्हा मोजा आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणा.

मोजायचं तीन ठिकाणी: बाहेरून घरात येणाऱ्या थेट नळाला, टाकीतून येणाऱ्या थंड नळाला आणि शॉवरला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाहेरच्या नळाला ०.५ आणि शॉवरला ०.१ किंवा शून्य आलं, तर तुमच्या खाजेचा आरोप क्लोरीनवरून उठला. उलट टाकीत ते खर्च होऊन जातंय, टाकी धुवायला झाली असेल. बाहेर ०.५ आणि शॉवरला ३ किंवा जास्त आलं, तर घरातल्या किंवा इमारतीच्या टाकीत कुणीतरी, काहीतरी जास्त घालतंय. बाहेरच्याच नळाला सातत्याने ३-४ येत असेल तर प्रश्न पुरवठ्याचा आहे आणि तिथे तक्रार करायला हवी. मोठ्या पावसानंतर नदी-तलावाचं पाणी गढूळ झालं की शुद्धीकरण केंद्रात मात्रा वाढवतात, त्यामुळे तेवढ्या दिवसांपुरती वाढ दिसणं समजण्यासारखं आहे.

टाकीतली ब्लीचिंग पावडर

ठराविक दिवसांनी उसळणाऱ्या त्रासात माझा सगळ्यात पहिला संशय इथे असतो. टाकी साफ केली की शेवटी मूठभर ब्लीचिंग पावडर टाकून द्यायची, असा प्रघात अनेक ठिकाणी आहे. मूठ म्हणजे किती, हे कुणी मोजत नाही.

हिशोब करून बघा. ताज्या ब्लीचिंग पावडरीत उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. हजार लिटर पाण्यात अडीच ग्रॅम पावडर टाकली की लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन होतं, आणि रोजच्या पाण्याला एवढं भरपूर झालं. अडीच ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याच्या आतच. मुठीत सहज पन्नास ग्रॅम मावते. म्हणजे लिटरमागे १६ मिलिग्रॅमच्या पुढे. एवढं क्लोरीन असलेलं पाणी तापवून शॉवरमधून सोडलं तर डोळे जळणारच.

पुढचा भाग जास्त लबाड आहे. पावडर दमट जागी उघडी राहिली की तिची ताकद महिन्या-महिन्याला घटते. जुन्या पिशवीतली पावडर निम्म्याहून कमी ताकदीची झाली की टाकणारा हळूहळू मात्रा वाढवतो आणि त्याला त्याची सवय होते. मग नवी पिशवी उघडली जाते, मात्रा तीच राहते, आणि पाण्यात क्लोरीन एकदम दुप्पट-तिप्पट होतं. घरातल्यांना वाटतं की पुन्हा पाणी बिघडलं. पुढे पावडर जुनी होते, त्रास आपोआप ओसरतो आणि वाटतं की नवीन मलमाने गुण आला. तुमच्या कागदावरच्या नोंदीत त्रासाच्या तारखा आणि नवीन पिशवीच्या तारखा जवळ येत असतील तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

उपाय: पावडर हवाबंद, सावलीत ठेवा आणि वजन करून घ्या. आधी छोट्या बादलीत पाण्यात कालवा, पावडरीतला चुना तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. चुन्याचा गाळ टाकीत गेला तर पाण्याचा पीएच वाढतो आणि त्वचा त्यानेही कोरडी पडते. मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबा, डीपीडीने मोजा, मग नळ सोडा. टाकी निर्जंतुक करायला मुद्दाम जोरकस मात्रा घातली असेल तर ते पाणी पूर्ण काढून टाकून नळांमधूनही निघून जाऊ द्या. गीझरमध्ये अडकलेलं पाणी लोक विसरतात. गीझरही रिकामा करा. थेंब-थेंब हायपोक्लोराइट सोडणारं यंत्र बसवलेलं असेल तर पंप बंद असतानाही ते चालू राहतंय का, हे एकदा समोर उभं राहून बघा.

वाफेबद्दलची काळजी खरी आहे

क्लोरीनबद्दल बोलताना मला जो भाग गंभीर वाटतो तो हा. पाण्यातली पानं, शेवाळ, माती यांतून आलेल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमीथेन नावाचा रसायनांचा गट बनतो. नेदरलँड्समधले रसायनशास्त्रज्ञ योहान्स रूक यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिलं. या गटातलं सगळ्यात जास्त आढळणारं रसायन म्हणजे क्लोरोफॉर्म. या गटासाठी अमेरिकेत लिटरमागे एकूण ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, युरोपीय संघात १०० ची.

क्लोरोफॉर्म चटकन उडून जातं. शॉवरमध्ये पाण्याचे बारीक थेंब होतात, ते गरम असतात आणि खोली बंद असते, त्यामुळे ते हवेत येतं, श्वासातून आत जातं आणि थोडं त्वचेतूनही शोषलं जातं. आंघोळीनंतर माणसांच्या उच्छ्वासात आणि रक्तात क्लोरोफॉर्म वाढलेलं मोजलं गेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या, म्हणजे २ ब गटात ठेवलं आहे. याच संस्थेने १९९१ मध्ये क्लोरीनयुक्त पिण्याच्या पाण्याला तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नाही. अनेक वर्षं जास्त ट्रायहॅलोमीथेन असलेलं पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचे संबंध काही अभ्यासांत दिसले आहेत. एका आंघोळीने काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे, आणि सवय बदलणं आपल्या हातात आहे.

खिडकी किंचित उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट फॅन आंघोळीच्या आधी लावा आणि नंतरही वीसेक मिनिटं चालू राहू द्या. पाणी कोमट ठेवा. अर्धा तास वाफेत उभं राहण्याऐवजी पाच-दहा मिनिटांत आटपा. फार बारीक तुषार करणाऱ्या शॉवरऐवजी जाड धारेचा घ्या. लहान बाळाला आणि दम्याच्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या आंघोळीनंतर वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये लगेच नेऊ नका. यातल्या कशालाही फिल्टर लागत नाही आणि श्वासातून जाणारं प्रमाण यानेच सगळ्यात खात्रीने घटतं.

मग फिल्टर घ्यायचाच नाही का

घ्या, पण तो काय करतो हे जाणून. शॉवर फिल्टरसाठी एनएसएफ या अमेरिकी संस्थेचं १७७ क्रमांकाचं मानक आहे आणि ते फक्त मुक्त क्लोरीन कमी होण्यापुरतं आहे. क्लोरामाइन, ट्रायहॅलोमीथेन किंवा पाण्याचा जडपणा यांबद्दल ते काही सांगत नाही. क्लोरीन काढलं तरी शुद्धीकरण केंद्रापासून वाटेत आधीच तयार झालेलं क्लोरोफॉर्म पाण्यात असतंच.

तांबं-जस्ताचं केडीएफ आणि कॅल्शियम सल्फाइट हे पदार्थ गरम पाण्यातही काम करतात. सक्रिय कोळसा उत्तम, पण त्याला पाण्याचा सहवास लागतो. शॉवरमधून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी धावत असताना मुठीएवढ्या डबीत तो सहवास क्षणाचा असतो. क जीवनसत्त्वाच्या कांड्या क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्हींना निष्प्रभ करतात, पण लवकर संपतात. संपलेला फिल्टर दिसायला नव्यासारखाच असतो. म्हणून पुन्हा डीपीडी: फिल्टर काढून एक नमुना, लावून एक नमुना. दोन्हींचा रंग सारखा आला की तो संपला.

क्लोरीन काढण्याची किंमतही आहे. फिल्टरच्या पुढचा भाग, म्हणजे शॉवरचं डोकं, आता जंतुनाशकाशिवाय राहतो. ओलं, कोमट आणि क्षारांचा थर असलेलं डोकं लेजिओनेलासारख्या जीवाणूंना मानवतं. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान ते वाढतात आणि तुषारांतून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया करतात, विशेषतः वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांत. म्हणून फिल्टरचं कार्ट्रिज वेळेवर बदला, शॉवरचं डोकं दर दोन-तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार सोडवा, आणि घर बरेच दिवस बंद असेल तर परतल्यावर गरम-थंड दोन्ही पाणी काही मिनिटं वाहू द्या. ते करताना बाथरूमच्या बाहेर थांबा.

पाण्यातलं क्लोरीन पूर्ण निघणं खरोखर अत्यावश्यक असतं ते घरी डायलिसिस घेणाऱ्यांसाठी आणि मत्स्यपेटीसाठी. तिथे पाण्याचा संबंध पातळ पडद्याआडून रक्ताशी किंवा थेट माशांच्या कल्ल्यांशी येतो. तो विषय शॉवर फिल्टरने सुटत नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

जड पाणी वेगळं काढा

क्लोरीन ठीक निघालं आणि वाफही निघून जाते, तरी अंग ओढत असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे वळा. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून जोरात हलवा. हा साबण खरा साबण हवा, डिटर्जंट नको. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर साय धरल्यासारखं दिसलं तर पाणी जड आहे. तीच साय त्वचेवर आणि केसांवर बसते, धुतली तरी पूर्ण निघत नाही आणि खाजवते. शॉवरच्या छिद्रांवर पांढरी खपली आणि नळावर न जाणारे डाग हीही त्याचीच खूण.

यावर शॉवर फिल्टरचा उपयोग नाही. पाणी मऊ करणारं यंत्र वेगळं असतं. पण तेही सर्वांना लाभेल असं नाही. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं यंत्र बसवून नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून मी आधी स्वस्त गोष्टी करून बघा म्हणतो. साबणाऐवजी सौम्य क्लेंझर, तोही काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता. पंच्याने घासण्याऐवजी टिपून घेणं. आणि अंग अजून दमट असताना, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं मॉइश्चरायझर. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला दोन आठवडे द्या. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं तर कशाने वाटलं हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

तक्रार करताना

बाहेरच्या नळाला मुक्त क्लोरीन सातत्याने ३-४ किंवा त्याहून जास्त येत असेल, किंवा उलट पुष्कळ दिवस शून्य येत असेल, तर पुरवठा करणाऱ्यांना लेखी कळवा. "पाण्याला वास येतो" एवढ्याने कुणी हलत नाही. तारीख, वेळ, कुठल्या नळाचं पाणी, किती मिनिटं नळ सोडून घेतलं, मुक्त किती आणि एकूण किती, असा तक्ता द्या. रंगाच्या बाटलीचा पट्टीशेजारी काढलेला फोटो जोडा. त्यांच्याकडे ट्रायहॅलोमीथेनची चाचणी होते का आणि शेवटचा निकाल काय आला, हेही त्याच पत्रात विचारा. ती चाचणी घरच्या किटने होत नाही, प्रयोगशाळेतच होते. बाहेरचा आकडा ठीक आणि टाकीचा बिघडलेला असेल तर तोच तक्ता इमारतीची टाकी सांभाळणाऱ्यांना द्या, आणि पुढच्या वेळी पावडर घालताना वजनकाटा घेऊन तिथे हजर राहा.